संहितेवर नाव कोणाचं? एकट्याने लिहिणं आणि मिळून लिहिणं

ऐरोलीकर (धागाकर्ता)

मंडळी, एक भांडण मिटवायचं आहे. मिटत नसेल तर निदान नीट भांडायचं आहे.

आमचा हौशी ग्रुप नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी करतो. अर्धे कळव्याचे, अर्धे माझ्यासारखे ट्रान्स-हार्बरने येणारे. यंदा स्पर्धेसाठी नवी एकांकिका बसतेय. वाशीतली सिडकोची जुनी इमारत, पुनर्विकासाला द्यायची की नाही, आणि त्यावरून फाटलेलं एक घर. कल्पना माझी, पहिला खर्डा माझा. दुसरा खर्डा ग्रुपमधल्या मैत्रिणीने केला, तिला इथे 'म' म्हणतो. तिने त्यात आई आणली. माझ्या खर्ड्यात आई नव्हतीच, फक्त दोन भाऊ होते. आता नाटक त्या आईचंच झालंय. त्यात आईचं काम करणारी मुलगी तालमीत स्वतःच्या मनाने काही वाक्यं बोलली, ती आम्ही तशीच ठेवली.

प्रवेशिकेवर 'लेखक' या रकान्यात जागा एका ओळीची. लेखनाचं पारितोषिकही एकच. दिग्दर्शक म्हणतो, दोघांची नावं टाका आणि विषय संपवा. नावासाठी माझा जीव अडकलेला नाही, खरंच. माझी तक्रार वेगळी आहे.

माझ्या खर्ड्यात थोरला भाऊ शेवटी संमतिपत्रावर सही करत नाही आणि का करत नाही ते सांगतही नाही. नव्या खर्ड्यात तो कारण सांगतो. कारण चांगलं आहे, तालमीत सगळ्यांना पटलं. मला वाटतं, सगळ्यांना पटलं तिथेच नाटक मेलं. दोन माणसं लिहायला बसली की जे दोघांना मान्य तेच कागदावर उरतं. एकाच्याच डोक्यात येणारं काहीतरी तिरपागडं असतं, ते दुसऱ्याला समजावता येत नाही म्हणून गळतं.

तर, दोघांनी मिळून लिहिलेलं असूनही तिरपागडं राहिलेलं काही तुमच्या पाहण्यात आहे का?

---

खारीगाव_टोलनाका

पहिला! सविस्तर प्रतिसाद रविवारी. सध्या कठड्यावर बसून बघतो.

---

संहितावाली

मी मालिकांचे संवाद लिहिते, त्यामुळे माझ्या धंद्यात 'एकट्याने' हा पर्यायच नाही. मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. ती नुसती मानापानाची वाटणी नव्हे, कामंच वेगळी असतात. आधी चॅनेलबरोबर बसून पुढचा ट्रॅक ठरतो. मग वन-लाइन, म्हणजे प्रसंगांची एकेका ओळीतली यादी. पटकथाकार त्याचे सीन पाडतो: कोण येतं, कोण जातं, कुठल्या वाक्यावर ब्रेक. ते माझ्याकडे येतं तेव्हा सासू स्वयंपाकघरात उभी असते. तिला अंगणात न्यावं असं मला वाटलं तरी नेता येत नाही, कारण अंगणाचा सेट दुसऱ्या दिवशी लागणार असतो. घोडबंदर रोडवरच्या सेटवर सकाळी नऊच्या शिफ्टला पानं हवी असतात, आणि ती रात्री एकला जातात.

ऐरोलीकर, तुम्ही म्हणता तसं गुळगुळीत होतं का? होतं. पण दोघं किंवा तिघं असल्यामुळे नाही. नकार द्यायचा अधिकार फार लोकांकडे असतो म्हणून होतं. लिहिणारे तीन असोत, कापणारा एक असेल तर लेखन टोकदार राहतं. लिहिणारा एक आणि कापणारे सात असतील तर त्या एकट्याचंही पीठ होतं.

आणखी एक. मालिकेत मधेच संवादलेखक बदलतो. नव्याने आलेल्याला आधीच्याची सासू बोलायला लागते. तिथे माझी शैली कोणाला नको असते, सासूची हवी असते. सुरुवातीला याचा मला फार राग यायचा. आता वाटतं, नाटकासिनेमात मिळून लिहिता येतं ते यामुळेच. आवाज पात्राचा असतो, आणि पात्र नीट उभं राहिलं की ते दोघांनाही ऐकू येतं.

---

सीवूड्सची_सई

संहितावाली, शेवटचा परिच्छेद फार आवडला. तोच धागा पुढे ओढते.

नाटक, सिनेमा, मालिका दोघा-तिघांनी लिहिलेल्या भरपूर सापडतात. कादंबरी का सापडत नाही? माझं उत्तर: कादंबरीत निवेदक असतो. पात्रं गप्प असतानाही कोणीतरी सतत बोलत असतं आणि त्या बोलण्याला एकच श्वास लागतो. नाटकात निवेदक नसतो, म्हणून दोन लेखकांमधला सांधा दिसत नाही.

अपवाद आहेत. रशियनमधले इल्फ आणि पेत्रोव्ह. दोघांनी मिळून विनोदी कादंबऱ्या लिहिल्या, पहिली १९२८ ची. प्रकरणं वाटून घेतली नव्हती, एकाच टेबलाशी बसून वाक्य अन् वाक्य दोघांचं. पेत्रोव्हने पुढे त्यांचा नियम सांगितलाय: एकच शब्द दोघांच्या तोंडी एकदम आला तर तो टाकून द्यायचा, कारण दोघांना सुचला म्हणजे तो तिसऱ्या-चौथ्यालाही सुचेल. ऐरोलीकर, तुमच्या तक्रारीच्या हे बरोब्बर उलट आहे. दोघांचं एकमत झालं की तुमच्याकडे वाक्य पक्कं होतं, त्यांच्याकडे ते बाद व्हायचं.

---

काडीबहाद्दर

बाकी सगळं ठीक, पण लेखनाचं पारितोषिक मिळालं तर ट्रॉफी ऐरोलीला राहणार की कळव्याला? सहा-सहा महिने?

(हलके घ्या.)

---

गोखलेरोडकर

आमच्या पिढीला प्रवेशिका भरताना असले प्रश्न पडत नसत. लेखक म्हणजे लेखक. पण या धाग्यामुळे एक गंमत लक्षात आली.

आपल्याकडची तीन नाट्यगृहं घ्या. तलावपाळीला राम गणेश गडकरी. मानपाड्याला काशिनाथ घाणेकर. खाडी ओलांडली की वाशीला विष्णुदास भावे. या धाग्यातला सगळा वाद या तीन पाट्यांवर लिहिलेला आहे.

भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला 'सीतास्वयंवर' केलं. पदं त्यांची. सूत्रधार ती गाणार आणि पात्रं आपापलं भाषण प्रसंग बघून बोलणार. आज आपण ज्याला संहिता म्हणतो ती नव्हतीच, तरी मराठी नाटकाचे जनक म्हणून नाव भाव्यांचं. छापील पुस्तकावरून नट पाठ करून बोलू लागले ती 'बुकिश' नाटकं नंतरची. म्हणजे आपल्याकडे आधी मिळून केलेलं नाटक आलं, एकट्याने लिहिलेलं मागाहून.

गडकरी दुसऱ्या टोकाला. १९१९ मध्ये गेले, 'राजसंन्यास' अपुरं राहिलं आणि आजही अपुरंच वाचलं जातं. ती भाषा दुसऱ्याने पुढे चालवायची कल्पना करून बघा. दोन ओळींत उघडं पडेल.

आणि घाणेकर. लेखणी हातात न धरलेला माणूस. 'अश्रूंची झाली फुले' वसंत कानेटकरांचं, पण लोक जायचे ते घाणेकरांनी रंगवलेला लाल्या बघायला. त्या टाळ्यांतला कानेटकरांचा वाटा किती आणि घाणेकरांचा किती, हे सांगू शकेल असा माणूस मला भेटलेला नाही, आणि मी बऱ्याच लोकांना विचारलंय.

माझं मत विचाराल तर मी गडकऱ्यांच्या बाजूचा.

---

कोर्टनाका

काका, प्रतिसाद सुरेख. मी जरा रुक्ष बोलते. नाव बघून ओळखलंच असेल, पोटापाण्याचा धंदा तोच.

ऐरोलीकर, 'कल्पना माझी' हे वाक्य आधी मनातून काढा. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती कशी मांडली यावर असतो. यातला गाजलेला निकाल नाटकाचाच आहे. आपल्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा चित्रपट उचलला, असा आर. जी. आनंद यांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो फेटाळला. विषय एक असला तरी मांडणी वेगळी, म्हणून. त्यामुळे सिडकोची इमारत आणि दोन भाऊ हे कोणाच्याच मालकीचं नाही. खर्डा मालकीचा आहे.

आता संयुक्त लेखन. १९५७ च्या कायद्यात व्याख्या आहे: दोघांनी किंवा जास्त जणांनी सहकार्याने केलेली अशी कृती, जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा दाखवता येत नाही. 'पहिले तीन प्रवेश मी, पुढचे दोन तू' असं असेल तर ते या व्याख्येत बसायला अवघड. तुमच्यासारखं, खर्ड्यावर खर्डा चढवून एकजीव झालेलं असेल तर बसतं. आणि एकदा बसलं की पुढे प्रयोगाची परवानगी द्यायला सहसा दोघांची संमती लागते, कोणी एकाने परस्पर देऊन चालत नाही. मुदतही शेवटचा लेखक गेल्यावर ६० वर्षं मोजायची.

एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, हे कुठे बसतं? मौलाना आझादांच्या आत्मकथनाचं प्रकरण आहे. आझाद उर्दूत सांगत, हुमायून कबीर ते इंग्रजीत लिहून आणत, आझाद वाचून दुरुस्त्या सांगत. पुस्तक १९५९ मध्ये आलं, त्यातली सुमारे ३० पानं मात्र सीलबंद ठेवली होती. १९८८ मध्ये ती उघडायची वेळ आली तेव्हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने दोघांना संयुक्त लेखक धरलं. सगळा मजकूर आझादांच्या आयुष्याचा, तरीही.

व्यवहारातला सल्ला फुकट देते: एक साधा कागद करा. नावं कशी लागणार, मानधन आणि बक्षिसाची वाटणी किती, पुढे दोन अंकी नाटक केलं तर कोण लिहिणार, आणि मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा. मैत्री आहे तोवर करा. नंतर माझ्याकडे यावं लागतं, आणि तेव्हा मी फुकट बोलत नाही.

---

खाडीपल्याड

कोर्टनाका यांच्या कागदाला पूरक म्हणून.

पुलंचं 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८, दिग्दर्शन जब्बार पटेल) आठवत असेल. मागे जात राहा. ब्रेख्तचं जर्मन नाटक १९२८ चं. ते ज्याच्यावर बेतलं तो जॉन गेचा इंग्रजी ऑपेरा १७२८ चा. मधला दुवा कोण? एलिझाबेथ हाउप्टमान. इंग्रजी संहिता तिने जर्मनमध्ये आणली म्हणून ब्रेख्तला काम करता आलं. करारात वाटणी ठरली होती: ब्रेख्त साडेबासष्ट टक्के, संगीतकार कुर्ट वाइल पंचवीस, हाउप्टमान साडेबारा. तिचं नाव भाषांतरकार म्हणून. प्रत्यक्षात तिच्या हातचं किती, यावर अभ्यासक अजून हातघाईवर येतात.

माझा मुद्दा असा, की कागद केला तरी पैशाचा प्रश्न सुटतो, नावाचा नाही. ब्रेख्तचं नाव इथल्या कॉलेजातल्या पोरालाही माहीत असतं. हाउप्टमानचं आज या धाग्यावर कितीजणांनी पहिल्यांदा वाचलं?

---

शब्दवेडी

मी वाचलं पहिल्यांदा. हात वर.

आणि याच्या उलट उदाहरण आपल्या घरात आहे. होनाजी-बाळा. कवनं रचायचा होनाजी शिलारखाने, गायचा बाळा करंजकर. लिहिण्यात बाळाचा हात नव्हता, तरी शेवटी लोकांच्या तोंडी नाव जोडीचंच राहिलं. शाहिरी फडात गाणाऱ्याशिवाय लावणी कोणापर्यंत पोचणारच नव्हती, हे लोकांना ठाऊक होतं.

त्याहून जुनं हवं तर ज्ञानेश्वरी. शके १२१२ मध्ये ग्रंथ झाला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला, हे ग्रंथाच्या शेवटच्या ओवीतच नोंदलेलं आहे. पुढे एकनाथांनी शके १५०६ मध्ये पाठ शुद्ध केला. स्वतःची एक ओळ घातली नाही, आणि वर ताकीदही ठेवली, की यात कोणी आपली ओवी घालील तर त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवल्यासारखं होईल. इतकं काम करून लेखकपणावर हक्क न सांगणारा संपादक पुन्हा झाला नसेल.

---

सीवूड्सची_सई

संपादक म्हणालीस म्हणून. माझ्या मते 'एकट्याने लिहिलेलं' म्हणून आपण जे मिरवतो त्यातलं बरंचसं दोघांचंच असतं, दुसऱ्याचं नाव नसतं इतकंच. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या 'सत्यकथा'च्या संपादकांच्या टेबलावरून गेलेल्या कथा मूळ हस्तलिखितात कशा होत्या, हे आपल्याला कुठे बघायला मिळतं?

अमेरिकेत एका लेखकाच्या बाबतीत ते मिळालं. रेमंड कार्व्हर. १९८१ च्या संग्रहातल्या काही कथा त्याचा संपादक गॉर्डन लिश याने निम्म्याहून जास्त छाटल्या. शेवट बदलले. कार्व्हरने पत्र लिहून छपाई थांबवण्याची विनवणी केली होती, पण पुस्तक निघालं. आणि ज्या तुटक, कमी बोलणाऱ्या शैलीसाठी त्याचं नाव झालं ती शैली त्या पुस्तकातली. मूळ खर्डे २००९ मध्ये छापले गेले. मी दोन्ही वाचलेत. काही ठिकाणी लिशचं बरोबर वाटतं. काही ठिकाणी माणसाची जीभ कापल्यासारखं वाटतं. ऐरोलीकर, गंमत बघा: तुमच्या नाटकात दुसऱ्या हाताने कारण घातलं, इथे दुसऱ्या हाताने कारणं काढून टाकली. दुसरा हात गुळगुळीतच करतो असं काही नाही.

---

काडीबहाद्दर

म्हणजे थोरल्या भावाला लिशकडे पाठवायला हवा होता.

---

मासुंदा

बराच वेळ वाचतेय. मीच ती 'म'.

रागावलेली नाही. तू धागा काढलास हे ग्रुपवर कळवलं असतंस तर बरं झालं असतं, एवढंच.

दोन गोष्टी. आई मी का आणली ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या खर्ड्यात दोन भाऊ पंचवीस मिनिटं एका घराबद्दल बोलतात आणि त्या घरात कोणी चहा करत नाही, कोणी औषधाची वेळ विचारत नाही. घर कोणाच्या नावावर आहे हेही येत नाही. त्या पिढीत घर वडलांच्या नावावर, वडील गेल्यावर सोसायटीच्या दाखल्यावर आई. सही तिची लागते! तू दोन भाऊ भांडवत ठेवलेस आणि ज्याच्यासाठी भांडताहेत तो कागद त्यांच्या हातातच नाही. ही शैलीची बाब नाही, नाटकाचा खांबच चुकीच्या जागी होता.

दुसरी गोष्ट, कारण. थोरला गप्प राहतो हे तुला तिरपागडं आणि खोल वाटतं. मी तालमीत तुला विचारलं होतं, तो का गप्प आहे. तुला सांगता आलं नव्हतं. लेखकाला माहीत असून पात्र गप्प असेल तर प्रेक्षकाला ते जाणवतं. लेखकालाच माहीत नसेल तर तेही जाणवतं. मी कारण लिहिलं ते आधी आपल्याला कळावं म्हणून. ते रंगमंचावर बोललं गेलंच पाहिजे असं मी कधीच म्हटलं नव्हतं. तालमीत सगळ्यांना आवडलं आणि राहून गेलं.

---

खारीगाव_टोलनाका

रविवारपर्यंत थांबायला नको होतं. मासुंदाताई, दंडवत.

---

संहितावाली

"सगळ्यांना आवडलं आणि राहून गेलं." हेच मी वर म्हणत होते. ते वाक्य दोघांपैकी कोणीच ठेवलेलं नाही, हॉलने ठेवलं. हॉलला मताचा अधिकार असावा, कापायचा किंवा ठेवायचा नसावा.

---

ऐरोलीकर

मासुंदा, सहीचा मुद्दा मान्य, तो तर मी पहिल्या वाचनालाच मान्य केला होता. ग्रुपवर कळवायला हवं होतं हेही मान्य.

कारणाबद्दल मात्र नाही पटलं. तो का गप्प आहे हे मला शब्दांत सांगता येत नव्हतं, पण तो बोलणार नाही याची खात्री होती. माणूस घर सोडायला का तयार नाही, हे त्यालाही सांगता येत नसतं. माझे वडील असेच होते. जे लिहिणाऱ्याला स्वतःला सांगता येत नाही ते दोघांच्या खोलीत आणलं की पहिला प्रश्न 'का' हाच येतो, आणि उत्तर नसेल तर ते बाहेर जातं. इल्फ-पेत्रोव्हचा नियम शब्दांना चालतो. अशा गोष्टीला कसा चालेल?

---

गोखलेरोडकर

इथे मी ऐरोलीकरांच्या बाजूने. पण आई ठेवा.

---

कोर्टनाका

नटीच्या वाक्यांचं काय ठरलं? तो प्रश्न मधेच सुटला. वाक्यं लिहून संहितेत आली आहेत, परिनिरीक्षणाला (नाटकाच्या सेन्सॉरला) जी प्रत जाईल तिच्यात असणार आहेत. चार वाक्यांनी कोणी संयुक्त लेखक होत नाही, हे माझं मत. पण विचारून ठेवा.

---

गोखलेरोडकर

'विच्छा माझी पुरी करा' आठवा. दादा कोंडके रोजच्या राजकारणावर हजरजबाबी भर घालायचे, आदल्या प्रयोगाचं वाक्य दुसऱ्या प्रयोगात असेलच असं नाही. तरी लेखक वसंत सबनीस. त्यांनी वगाचा सांगाडाच असा बांधला होता की भर घातली तरी तो मोडू नये. भर घालायला जागा ठेवणं हेही लेखनच.

---

शब्दवेडी

काका, पण दादा रोज स्टेजवर स्वतः होते, लोकांना दिसत होतं भर कोणाची. या मुलीची वाक्यं उद्या दुसरी नटी बोलेल. तेव्हा ती कोणाची? पत्रिकेत 'तालमीतील भर' म्हणून तिचं नाव घाला, काय बिघडतं? साडेबारा टक्के नका देऊ हवं तर.

---

मासुंदा

तिला काल विचारलं. ती म्हणाली, नाव नको, पण ती वाक्यं माझ्याशिवाय कापू नका. मला हे फार योग्य वाटलं.

ऐरोलीकर, वडलांचं तू आधी कधी बोलला नव्हतास. मी कारण काढून टाकते आणि त्या जागी आईला एक कृती देते, शब्द नाही. तू बघ. आवडली नाही तर तुझा खर्डा जसाच्या तसा बसवून बघू, मात्र त्या रात्री हॉलमध्ये आपण दोघं, दिग्दर्शक आणि थोरला, एवढेच. प्रवेशिकेवर दोन्ही नावं, क्रम अकारविल्हे. म्हणजे तुझं आधी येतं, खूश राहा.

कोर्टनाका, त्या कागदाचा नमुना मिळेल का? शेवटचा शब्द कोणाचा, ती ओळ कोरी ठेवून पाठवा. त्यावरून अजून भांडायचं आहे.

---

काडीबहाद्दर

आणि ट्रॉफी?